तेच सगळे, आणि एक

१

ओनेझीम ब्रुशार नाटक वाचत नसे, उतरवत असे. पॅरिसच्या बुलेव्हारवरच्या थिएटरांसाठी एकतीस वर्षं त्याने फार्स उतरवले आणि त्यातल्या एकाही विनोदाला तो हसला नव्हता. अक्षरं त्याला पलटणीत एका हवालदाराने शिकवली, तीही छडी घेऊन. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण हात असा, की छापखान्याने मान खाली घालावी. लेखक काय बरळतात त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं तो म्हणे. लेखकांबद्दल त्याचं मत एकूणच वाईट होतं. नटांबद्दल त्याहून वाईट.

सकाळी सातला उठायचं, कालची कॉफी गरम करून तिच्यात पाव बुडवायचा, खिडकीपाशी बसायचं आणि हंसाचं पीस तासायचं. लोखंडी टाकाला तो शिव्या घाली. दुपारी बाराला थिएटरात जायचं, कारण नकलनवीस तोच आणि प्रॉम्प्टरही तोच. मंचाच्या पुढच्या कडेला, फळ्यांत कापलेल्या भोकात, डोक्यावर लाकडी टोप असलेल्या खोक्यात बसून विसरभोळ्या गाढवांना त्यांचे संवाद पुरवायचे. तिथून माणसाचे आधी बूट दिसतात, मग माणूस.

उतरवायची त्याची रीत ठरलेली होती. आधी संवाद नाही, आधी डोकी. माणूस आत आला की नवा प्रवेश, माणूस गेला की नवा प्रवेश, आणि प्रत्येक प्रवेशाच्या डोक्यावर त्या घडीला मंचावर असतील तेवढ्यांची नावं. ही नावं ब्रुशार आधी एका वेगळ्या कागदावर उतरवून घेई आणि बोटांवर मोजे. किती आत आले, किती बाहेर गेले. एखादं नाव सुटलं तर तो नट घरी कॉफी पीत बसणार, मंचावर भोक पडणार आणि शिव्या ब्रुशारला.

मार्चमधल्या पहिल्या मंगळवारी मस्यु फार्जोल पाच जिने चढून धापा टाकत आला. त्याच्या बगलेत टेबलावरच्या कापडात गुंडाळलेलं बाड होतं.

"कुदेरचं शेवटचं," तो म्हणाला आणि पलंगावर बसला. "‘कपाटातला जावई’. तीन अंक. शुक्रवारपर्यंत दोन पक्क्या प्रती सरकारी तपासणीला, एक तुमच्या खोक्यासाठी, आणि प्रत्येक नटाला त्याच्या त्याच्या संवादांची नक्कल. जमेल ना?"

"न जमून सांगतो कुणाला," ब्रुशार म्हणाला.

फार्जोल आणि कुदेर अठरा वर्षं जोडीने लिहीत होते. कोण कुठल्या दारातून येतो, कुठल्या दारातून जातो, कुठे लपतो, हे कुदेरने ठरवायचं. त्या माणसांच्या तोंडात विनोद फार्जोलने कोंबायचे. त्यामुळे खर्ड्यात संवाद फार्जोलच्या गिचमिड हातचे आणि प्रवेशांची डोकी कुदेरच्या हातची. तीन आठवड्यांपूर्वी कुदेर वारला होता.

"आणि एक," फार्जोल दाराशी वळून म्हणाला. "मोलकरणीचं काम तुमच्या झेलीला दिलंय. अडतीस वाक्यं आहेत. आता तरी हसा."

ब्रुशार हसला नाही, पण बाड हातात घेताना त्याने आधी हात पुसले. झेली त्याची एकुलती एक पोर. बावीस वर्षांची झाली आणि आजवर तिने मंचावर फक्त ताटं इकडून तिकडे नेली होती. तोंड उघडायला मिळालं नव्हतं.

२

पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशापर्यंत सगळं सरळ होतं. शांब्लार नावाचा छत्र्यांचा व्यापारी, त्याची बायको, मोलकरीण. पाचव्याच्या डोक्यावर कुदेरने लिहिलं होतं: शांब्लार, शांब्लारबाई, मोलकरीण, तो.

खाली एकच ओळ. तो कपाटात जातो.

ब्रुशारने पहिलं पान उलटून पात्रांची यादी पाहिली. सात नावं. ‘तो’ त्यांत नव्हता. जावई कपाटात लपतो हे खरं, पण तो आठव्या प्रवेशात, आणि त्याच्या नावानिशी. हा कोण?

त्याने पुढची डोकी पाहिली. सहावा: शांब्लार, मोलकरीण. कपाटात: तो. सातवा: मोलकरीण एकटी. कपाटात: तो. आठव्यात जावई आत शिरतो. कपाटात: तो, जावई. अंकाच्या शेवटी जावई निसटतो. कपाटात: तो. पडदा पडतो, दुसरा अंक उघडतो, तीच खोली. कपाटात: तो.

कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. तो कुणाशी बोलत नव्हता. आत गेला होता आणि बाहेर आला नव्हता.

कुदेरचा हात एरवी सैल, फरफटत जाणारा. हा एक शब्द मात्र बारीक आणि दाबून लिहिलेला. ब्रुशारने पान उलटं करून अंगठा फिरवला. दुसऱ्या बाजूने शब्द बोटाला लागत होता. पुढच्या पानावर जास्त, त्याच्या पुढच्यावर त्याहून जास्त.

आजारी माणूस, त्याने स्वतःला सांगितलं. ताप असला की हाताला जोर कळत नाही.

नकलनवीस शब्द गाळत नाही. हा त्याचा धर्म होता. पण ज्याला तोंडच नाही त्याची नक्कल कुणाला काढून द्यायची? शेवटी तो नकलनवीस लोक करतात तेच करून मोकळा झाला. पाचव्या प्रवेशात ‘तो’ होता तसा उतरवला. पुढे जिथे जिथे नावं परत आली तिथे लिहून टाकलं: तेच सगळे. तेच सगळे, शांब्लारबाईशिवाय. तेच सगळे, आणि जावई. शाईही वाचली, वेळही वाचला. गाळलं असंही नाही, लिहिलं असंही नाही. तो स्वतःवर खूश झाला. पहिल्या दोन अंकांत हे असं निभलं. तिसरा आला तोवर शुक्रवार उजाडायला आला होता, म्हणून त्याने काही न बघता, न मोजता, बैलासारखी मान खाली घालून तो जसाच्या तसा ओढून काढला.

पुढच्या बुधवारी एक प्रत सरकारी शिक्का बसून परत आली. शिक्का बसला म्हणजे संपलं. बादशहाच्या राज्यात त्यानंतर मंचावर एक शब्द इकडचा तिकडे झाला तर नाटक बंद आणि मालक कोर्टात.

त्याच दिवशी त्याने फार्जोलला कॉफीच्या दुकानात गाठलं.

"साहेब, हा ‘तो’ कोण?"

"कुठला तो?"

"पाचव्या प्रवेशात कपाटात जातो तो."

फार्जोलने कप खाली ठेवला. "कुदेरच्या डोक्यातला ताप, दुसरं काय. शेवटी शेवटी बिचारा फारच... बायकोला म्हणाला, खोलीतलं कपाट काढा. काढलं, खाली अंगणात नेलं. तर हा रडायला लागला. म्हणे, आता दार कोण लावणार." फार्जोलने कप उचलला, प्यायला नाही. "गाळून टाकायचा होता."

"शिक्का बसला."

"मग राहू द्या. एवढासा शब्द. कुणाचं काय अडतंय?"

३

दिवसा थिएटर म्हणजे भर दुपारी तळघर. मंचावर एका खांबावर एक गॅसची ज्योत, बाकी पुढे काळोखात खुर्च्यांच्या रांगा. शिळ्या संत्र्यांच्या सालींचा वास. पाय गारठतात.

खरं कपाट अजून सुतारशाळेत होतं. तोवर दोन खुर्च्या पाठीला पाठ न लावता समोरासमोर मांडल्या होत्या. मधली जागा म्हणजे कपाट. सगळीकडे असंच करतात. जावयाचं काम करणारा दोर्नेल चाळिशीचा, पोट सुटलेला. गेली पंधरा वर्षं तो पंचवीस वर्षांचा होता. आठव्या प्रवेशात तो दोन खुर्च्यांच्या मध्ये शिरला आणि उजव्या खुर्चीला चिकटून, श्वास आत ओढून, तिरपा उभा राहिला.

"दोर्नेल," फार्जोल काळोखातून ओरडला, "अख्खं कपाट तुमच्या बापाचंय. कोपऱ्यात काय चिकटलाय?"

"जागा नको का व्हायला?" दोर्नेल म्हणाला.

"कुणाला?"

  दोर्नेलने आपल्या डावीकडे पाहिलं.

"त्यांच्या पोटाला, साहेब," झेली हातातला झाडू टेकवून म्हणाली. "ते वेगळं तिकीट काढून येतं."

सगळे खदखदले. दोर्नेलही हसला, घाम पुसत. खोक्यात ब्रुशारने पान उलटलं. अंगठा जिभेला लावून, मग पान. ही त्याची सवय.

दुसऱ्या अंकात जावई कपाटात नव्हताच. दोन खुर्च्या, मध्ये फळ्या. झेली गाणं म्हणत खोली झाडत आली. ब्रुशारचे डोळे फळ्यांच्या पातळीवर होते, म्हणून त्याला दिसलं. खुर्च्यांच्या मधून झाडू नेताना तिने तो सरळ नेला नाही. एका जागी वळसा घातला, परत एक छोटा वळसा घातला, आणि पुढे गेली. दोन बूट मावतील एवढी जागा. गाण्याचा ताल चुकला नाही. तिला स्वतःला काही कळलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट होतं.

सवय लागते माणसाला, ब्रुशारने ठरवलं. एकाने जागा सोडली की दुसरा सोडतो. मेंढरं.

मग तो सगळ्यांचे पाय बघत बसला. शांब्लार, शांब्लारबाई, सामान हलवणारे हमाल. दीड तासात त्या जागेवर एकानेही पाय दिला नाही.

मधल्या सुट्टीत दोर्नेल खोक्यापाशी येऊन उकिडवा बसला. हळूच म्हणाला, "ब्रुशार, माझे संवाद पुढून पुरवत जा. मागून नको."

"मी पुढेच बसतो, गाढवा. मागे काय शेपूट आहे मला?"

दोर्नेलने मान वळवून मागे त्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं.

"आवाज तुमचाच होता," तो म्हणाला, उठला आणि निघून गेला.

४

"बाबा, तुम्ही माझं गाणं खाल्लंत."

झेलीने कोबीच्या सूपचं भांडं टेबलावर आदळलं. संध्याकाळचे सहा वाजले होते, खिडकीतून अजून उजेड होता.

"कसलं गाणं?"

"शेवटचं. शेवटच्या गाण्यात सगळे असतात. कुत्र्याचं काम करणारासुद्धा असतो. माझी नक्कल तिसऱ्या अंकात नवव्या प्रवेशाला संपते. पुढे कोरं. उतरवताना डुलकी लागली असेल तुम्हाला."

"मला डुलकी लागत नाही."

"मग गाणं गेलं कुठं?"

एकतीस वर्षांत असा अपमान कुणी केला नव्हता. ब्रुशारने पेटीतून खर्डा काढला, सूप बाजूला सारलं आणि तिसरा अंक उघडला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने नाटक वाचलं. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, कवायतीच्या पुस्तकासारखं.

नववा प्रवेश. शांब्लारबाई मोलकरणीला कोट आणायला सांगते. मोलकरीण म्हणते, कोट मागच्या खुंटीला आहे बाई, आत शिरावं लागेल. खाली कुदेरच्या हातची ओळ: मोलकरीण कपाटात शिरते. दार लागतं.

दहावा प्रवेश. शांब्लार, शांब्लारबाई, जावई, तो. कपाटात: मोलकरीण.

ब्रुशारने ती ओळ दोनदा वाचली. मग बोट खाली खाली नेलं. अकरावा, बारावा, तेरावा. कपाटात: मोलकरीण. कपाटात: मोलकरीण. तिला कुणी हाक मारत नव्हतं. तिला कुणी शोधत नव्हतं. सासरा खूश, जावई खूश, लग्न ठरतं. शेवटचा प्रवेश. डोक्यावर: सगळे, मोलकरणीशिवाय.

त्याने शिक्क्याची प्रत काढली. तिच्यातही तेच होतं. सगळे, मोलकरणीशिवाय. छापल्यासारख्या अक्षरात, त्याच्या स्वतःच्या हातचं. वळणं काय सुरेख आली होती.

"सापडलं का?" झेलीने तोंडात पाव घेऊन विचारलं.

"नाही."

"काय नाही?"

"त्या कपाटात जाऊ नकोस," ब्रुशार म्हणाला.

"का? उंदीर आहेत?"

"मी सांगतो म्हणून."

झेलीने चमचा ठेवला. तिच्या आईसारखी ती चिडली की आवाज खाली जाई. "बाबा, सात वर्षं ताटं वाहिली मी. सात वर्षं. आता अडतीस वाक्यं मिळाली, तर एक काम करायला तुम्ही नको म्हणता? रंगीत तालमीला सरकारी तपासनीस समोर बसलेला असताना मी मंचावर उभी राहून सांगू, माझे बाबा नको म्हणाले? दुसरी पोरगी विंगेत टपूनच आहे, माहीतये ना?"

"तालमीत गेलीस कधी आत?"

"फार्जोलसाहेब तिथे टाळी वाजवून ‘पुढे’ म्हणतात. कोट शिवून यायचाय अजून. शुक्रवारी जाईन." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि जरा नरमली. "बाबा, जेवा. सूप गार होतंय."

५

फार्जोलने दहाव्या प्रवेशाचं डोकं वाचलं, पान मिटलं आणि खिडकीबाहेर बघत बोलू लागला.

"परत तपासणीला द्यायचं म्हणजे पुन्हा आठवडा. शनिवारी पहिला खेळ. जाहिराती भिंतींवर चिकटल्या."

"एक ओळ, साहेब. ‘मोलकरीण बाहेर येते.’ एवढीच."

"एक ओळ काय, एक टिंब नाही. शुक्रवारच्या रंगीत तालमीला तपासनीस प्रत मांडीवर घेऊन बसणार. ओळीवर पेन्सिल ठेवून. माहीत नाही तुम्हाला?"

"मग झेली आत गेल्यावर बाहेर कशी यायची?"

"पडदा पडला की दार उघडून येईल! ब्रुशार, लाकूड आणि रंगवलेलं कापड आहे ते. मागे अंधारकोठडी नाही." तो हसला, पण हसू अर्ध्यात सोडलं. "हवं तर दुसऱ्या पोरीला देतो काम. सांगा तसं. मी तिला देतो."

ब्रुशारच्या डोळ्यांसमोर झेली उभी राहिली, विंगेत, हातात ताट घेऊन. मग दुसरी पोर. ती तरी कुणाची तरी असेलच.

"राहू द्या," तो म्हणाला.

त्याने सरळ विचार करून पाहिला. म्हातारपण. अपुरी झोप. मेलेल्या माणसाचं अक्षर वाचलं की कुणालाही कसंसंच होतं. दोर्नेल दारू पितो. झाडू कसाही वळतो. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण पटत होतं. तरी जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की तो भिंतीला चिकटून, अंग चोरून उतरतोय.

६

शुक्रवारी दुपारी दोनला रंगीत तालीम सुरू झाली. कपाट आलं होतं. पाइनच्या पट्ट्या, त्यावर ताणलेलं कापड, अक्रोडाच्या लाकडासारखं रंगवलेलं. दार मात्र खरं, बाहेरून अडकणाऱ्या लाकडी खिटीचं. तिसऱ्या रांगेत तपासनीस बसला होता, पडसं झालेला, सुकलेला माणूस. मांडीवर प्रत, हातात पेन्सिल.

पहिले दोन अंक उत्तम झाले. इतके उत्तम, की ब्रुशारला फारसं काही पुरवावंच लागलं नाही. दोर्नेल कपाटातून बाहेर पडला तेव्हा पांढराफटक होता आणि खरोखर धडपडत पळाला. त्यावर सगळ्यात मोठा हशा आला. झेलीची वाक्यं अशी पडत होती, की हमालसुद्धा विंगेत येऊन उभे राहिले. एकदा तिने खोक्याकडे बघून डोळा मारला. ब्रुशारने तोंड वाकडं केलं. आत कुठेतरी त्याला बरं वाटलं होतं, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

दुसऱ्या अंकाचा पडदा पडला. हमाल सॉसेज आणि पाव घेऊन मागे गेले. नट रंगपटात गेले.

ब्रुशारने प्रत खोक्याच्या फळीवर उघडी ठेवली, शिडी उतरला, मंचाखालून वाकत मागे गेला आणि विंगेतून मंचावर आला. त्याचा बेत साधा होता. कपाटात एक माणूस उभा असला की झेली आत शिरू शकणार नाही. दार उघडेल, म्हातारा बाप दिसेल, ती किंचाळेल, तालीम बंद पडेल. तपासनीस शिव्या देईल. ब्रुशारची नोकरी जाईल. जाऊ दे. दोष म्हाताऱ्याचा ठरेल, पोरीचा नाही. आणि खोक्यात प्रॉम्प्टर नाही म्हटल्यावर अंक सुरूच होणार नाही कदाचित. तेही चांगलंच.

त्याने खिटी काढली. दार उघडलं.

आत काही नव्हतं. सरसाचा वास, मागच्या खुंटीला एक नवा कोट. बस. बघ, तो स्वतःला म्हणाला, गाढवा.

तो आत शिरला. दार ओढून घेतलं. पट्टी आणि कापड यांच्यामधल्या फटीतून पडद्याची मागची बाजू दिसत होती, आणि खोक्याचं तोंड. आत श्वासाला उबदार हवा होती, जशी माणूस नुकताच उठून गेलेल्या अंथरुणात असते.

थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं, की आपण उजवीकडे चिकटून, तिरपे उभे आहोत. त्याने मधोमध सरकायचं ठरवलं आणि सरकला. काही आडवं आलं नाही. अख्खं कपाट त्याचं होतं.

बाहेर कुणीतरी जाता जाता खिटी लावली.

७

काठीचे तीन ठोके पडले. पडदा वर गेला.

ब्रुशार वाट बघत राहिला. आता फार्जोल ओरडेल, प्रॉम्प्टर कुठे मेला. कुणी ओरडलं नाही. शांब्लार आला, छत्रीबद्दलचं वाक्य बोलला, पुढचं विसरला. तो नेहमी तिथेच विसरायचा.

खोक्यातून त्याला वाक्य मिळालं.

खरखरीत, दबका आवाज. आधी छोटा खोकला, मग वाक्याचे पहिले तीन शब्द, ना कमी ना जास्त. शांब्लारने ते उचललं आणि पुढे गेला. पान उलटल्याचा आवाज आला. त्याआधी जिभेवर अंगठा टेकल्याचा.

फटीला डोळा लावून ब्रुशारने पाहिलं. टोपाखाली सावली होती. सावलीत पानाची पांढरी कड होती, आणि पानावर शाईने काळी झालेली बोटं. बाकी काही दिसत नव्हतं. त्याने आपला हात डोळ्यांसमोर धरला. अंधारात तो त्याला दिसला नाही.

नववा प्रवेश. झेलीचे बूट फळ्यांवर वाजत आले. खिटी निघाली. दार उघडलं आणि सगळा गॅसचा उजेड त्याच्या तोंडावर आला.

झेली त्याच्यासमोर उभी होती, एका हाताच्या अंतरावर. तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे त्याच्या कपाळावर, नाकावर, हनुवटीवर फिरले, जसे बायकांचे डोळे मांडणीवरच्या भांड्यांवर फिरतात, आणि पुढे गेले.

"झेली," तो म्हणाला.

ती अडखळली. वाक्य विसरल्यासारखी. तिने मान वळवून खोक्याकडे पाहिलं.

"हा घ्या कोट," खोक्यातून आवाज आला.

"हा घ्या कोट, बाई!" झेली खणखणीत म्हणाली. तिचा हात आत आला, त्याच्या कानाला घासून मागच्या खुंटीपर्यंत गेला. बाहीला साबणाचा वास होता. कोट निघाला. दार लागलं. ती आत शिरली नव्हती.

तिसऱ्या रांगेत तपासनिसाची पेन्सिल ओळीवरून सरळ पुढे सरकत होती. तो थांबला नाही. त्याच्या मांडीवरच्या प्रतीत तसंच लिहिलेलं असावं.

ब्रुशारने दार ढकललं. मग खांद्याने ढकललं. मग कापडावर मूठ मारली. ते कापड, जे झेली लहानपणीही बोटाने फाडू शकली असती. आवाज झाला नाही. तो ओरडला. पलटणीत शिकलेल्या सगळ्या शिव्या त्याने दिल्या. बाहेर सासरा खूश झाला, जावई खूश झाला, लग्न ठरलं. शेवटच्या गाण्याला सगळे एका रांगेत उभे राहिले, कुत्र्याचं काम करणारासुद्धा. आणि रांगेच्या टोकाला झेली. तोंड भरून गात होती. तिला गाणं मिळालं होतं.

तेवढ्यासाठी, त्या एका कडव्यापुरता, तो शांत झाला. ती बाहेर होती. बाकी काही का होईना, ती बाहेर होती.

गाणं संपलं. तपासनिसाने नाक शिंकरून मान हलवली. फार्जोलने टाळ्या वाजवल्या, हमालांनीही वाजवल्या. नट पांगले. झेली मात्र धावत मंचाच्या पुढच्या कडेला आली आणि खोक्यासमोर गुडघे टेकून बसली.

"बाबा! कसं झालं? खरं सांगा."

"छान केलंस," ब्रुशारच्याच आवाजाने खोक्यातून उत्तर दिलं.

झेली थबकली. आयुष्यात बाबांनी तिला कधी छान म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग असा उजळला, की फटीमागे ब्रुशारने डोळे मिटून घ्यायला हवे होते. पण त्याने मिटले नाहीत.

"शिव्या नाहीत आज?"

"नाहीत. चल पोरी, घरी जाऊ."

"शिडीने कशाला वळसा घालता? या इकडून, मी ओढते," झेली म्हणाली. तिने दोन्ही हात टोपाखाली, सावलीत घातले. शाईने काळी झालेली बोटं तिच्या मनगटांभोवती मिटली, आणि हसत हसत, पाय रोवून, ती त्याला वर ओढू लागली.